भागीबाईनं अडवलेलं पाणी

भागीबाईनं सहाराच्या वाळवंटात एका म्हातारीच्या घराची भिंत पाडली. तीही पाण्यानं. मी हे सांगू लागले की ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडे बघून थांबतो. सहा वर्षं झाली, पण ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते.

भागीबाई आमच्याकडे एक्याण्णव सालापासून कामाला. गाव पेठच्या पलीकडे, डोंगरात. भात झोडून झाला की ती आणि तिचा नवरा बुधा मजुरीला नाशकात यायची. पुढे पेठ रोडला एक खोली मिळाली आणि ती इथलीच झाली. बुधा बांधकामावर, ही आमच्या घरी. माझी पल्लवी तिच्या डोळ्यांसमोर वाढली.

दोन हजार तीन साली पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई मनोज तेव्हा इजिप्तमध्ये, सिवा नावाच्या ठिकाणी, बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात इंजिनीअर होता. सहारा वाळवंटात पाण्याचा कारखाना कसा, हे मी त्याला दोनदा विचारलं होतं. चार महिन्यांचं बाळ घेऊन पल्लवी परत निघाली तेव्हा माझी झोप उडाली. तिथे डॉक्टर असेल का, बाळाला पाणी कुठलं देणार, वाळूचं वादळ आलं तर? शेवटी ठरलं, दोन महिने मी सोबत जायचं आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला भागीबाईला न्यायचं.

पासपोर्टच्या अर्जावर जन्मतारीख हवी होती. भागीबाई म्हणाली, "भाताच्या लावणीत जन्मले. लिवा तुमाला बरं वाटंल ते." बुधा शेजारी बसून हसत होता. "वाळवंट बघायला इमानानं कशाला जायाचं? मार्चात आपल्या गावाला चल, फुकटात दावतो."

पण त्या दिवसांत त्या घरात हसण्यासारखं फारसं नव्हतं. धाकटी मुलगी आशा अठरा वर्षांची झाली होती आणि वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा डोंगरातल्याच एका गावचा, ओळखीच्या घरातला. बुधानं जमातीच्या चार माणसांसमोर शब्द दिला होता. भागीबाईला ते घर नको होतं.

"आमच्यात पोरगी द्यायाची तर आधी पाणवठा बघायचा, मंग पोरगा," ती मला भांडी घासता घासता म्हणाली होती. "ह्यो बघून आला सरावणात. सरावणात दगडालाबी पाणी सुटतं. मार्चला त्या गावच्या बाया दोर धरून इहिरीत उतरतात, आन तळाचं पाणी वाटीनं भरतात."

"मग सांगा ना बुधाला."

"सबूद देऊन बसला ना त्यो."

लग्नाला पाच महिने होते. तेवढ्यात काहीतरी होईल, असं म्हणून ती माझ्याबरोबर निघाली.

सिवाला पोचायला अलेक्झांड्रियाहून नऊ तास लागले. आम्हाला घ्यायला कारखान्याच्या गाडीतून अब्बास आला होता. हा मूळचा मालेगावचा. घरी यंत्रमाग, हा मशीन फिटर झाला आणि सौदीत काही वर्षं काढून इथे आला. अरबी त्याला चांगली यायची. आम्हाला बघून त्याला भरून आलं.

"मावशी, घाबरू नका. मी मालेगावचा, म्हणजे आपलाच."

"मालेगाव कधीपासून आपलं झालं रं?" भागीबाई म्हणाली, आणि तो स्टिअरिंगवर हात मारून हसला.

दुसऱ्या शुक्रवारी मनोजनं आम्हाला वाळूच्या टेकड्या बघायला नेलं. बाळाला वाळूत नेऊ द्यायला मी तयार नव्हते, म्हणून पल्लवी घरीच राहिली. गाव संपलं आणि वाळू सुरू झाली, मध्ये काही नाहीच. टेकडीमागे टेकडी, एकेक आपल्या नाशकातल्या चामरलेण्याच्या डोंगराएवढी, आणि तिच्यावर एक काडीसुद्धा नाही. अब्बासनं जीप अशाच एका टेकडीच्या माथ्यावरून नाक खाली करून सोडली तेव्हा मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. डोळे उघडले तर जीप खाली उभी होती आणि भागीबाई उतरून वाळूत हात घालत होती. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग चक्क आडवी पडून खांद्यापर्यंत.

"मावशी, काय हरवलं?"

"झिरा लागतो का बघते." नदी आटली की तिच्या गावच्या बाया पात्रातल्या वाळूत खड्डा करतात आणि त्यात पाणी झिरपायची वाट बघत बसतात. तोच झिरा ती इथे शोधत होती.

"इथं खणत राहिलात तर खाली मालेगाव लागेल, पाणी नाय लागणार."

"मालेगावाला तरी कुटं पाणी हाय?"

परतताना अब्बासनं जीप एका खेड्यात थांबवली. खजुराची दाट बाग, तिच्या मधोमध दगडानं बांधलेलं गोल कुंड, आणि त्यात तळातून पाणी वर उसळत होतं. स्वच्छ, कोमट. कुंडातून पाट निघाले होते, बागेतून फिरत होते, आणि उरलेलं पाणी एका मोठ्या पाटानं पुढे वाहून जात होतं. भागीबाई चपला काढून त्यात उतरली आणि उभीच राहिली. बराच वेळ.

"ह्ये कुटं जातं?"

"पुढं तलाव आहे. त्यात जातं आणि खारं होतं."

"रातचंबी?"

"रातचं पण. बंद होतच नाही मावशी. जमिनीतूनच येतं ना."

"आन कुणी आडवत नाय?"

अब्बासनं मान हलवली. कुणीतरी थोबाडीत मारावी तसा तिचा चेहरा झाला होता. जीपमध्ये ती एवढंच बोलली, "ताई, आमच्याकडं चार महिने आभाळ फाटतं. हितं पाऊसच नाय." त्या दिवशी ती जेवली नाही.

मग रोज दुपारी बाळ झोपलं की ती त्या खेड्यात जाऊ लागली. पायी वीस मिनिटांची वाट. पाटाच्या कडेला नफीसा नावाच्या म्हातारीचं घर होतं. सगळे तिला मानानं हज्जा म्हणत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण हज्जा वाळूनं भांडी घासायची आणि भागीबाईही शेजारी बसून घासू लागायची. येताना पदरात खजूर असायचे. मला काळजी वाटायची, परक्या मुलखात एकटी बाई. पल्लवी म्हणायची, "आई, भागीमावशी तुझ्यापेक्षा जास्त रुळली आहे इथे."

एक दिवस संध्याकाळी ती परतली ती कोपरापर्यंत चिखलानं माखून. चेहरा उजळलेला. "लय दिवसांनी जीवाला बरं वाटलं. काम करून आले," म्हणाली. मी कसलं काम ते विचारलं नाही. बाळ रडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बास धावत आला. "मॅडम, मावशीनं काय केलं हे? हज्जाची भिंत गेली!"

आम्ही गेलो तेव्हा तिथे पंधरावीस माणसं जमली होती. भागीबाईनं आदल्या दिवशी वाया जाणाऱ्या पाण्याच्या पाटाला दगड, माती आणि खजुराच्या फांद्या लावून बांध घातला होता. घट्ट, अगदी आपल्याकडे ओढ्याला घालतात तसा. पाणी रात्रभर तुंबलं, कडेनं फुटलं आणि हज्जाच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून राहिलं. पहाटे भिंत बसली. आत खजुराची कोठी होती. टोपल्या चिखलात लोळत होत्या. एक शेळी दबली होती, तिला ओढून काढलं होतं. हज्जा एका पालथ्या टोपलीवर बसली होती. एक म्हातारा आमच्याकडे हात करून ओरडत होता. पोलीस येतील, हिला आत घालतील, बुधाला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

भागीबाई मात्र अब्बासशी भांडत होती. "पाण्यानं भित कशी पडंल? आमच्या कुडाच्या भिती चार महिने पावसात उभ्या ऱ्हातात."

"मावशी, मिठाची आहे ती."

"कशाची?"

"मिठाची. तलावाकाठी मीठ आणि माती मिळून दगडासारखं होतं, त्याचीच घरं बांधतात इथे. पाणी लागलं की विरघळतात. त्यांचा तो जुना किल्ला दिसतो ना वर, तो तीन दिवसांच्या पावसात गेला होता."

भागीबाई पुढे झाली. उरलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग ती तिथेच खाली बसली.

हज्जानं अब्बासला काहीतरी विचारलं. ती ओरडत नव्हती. अब्बास म्हणाला, "ती विचारते, पाणी का अडवलं? आमचं काय वाईट केलं होतं तुझं?"

"तिला सांग," भागीबाई म्हणाली, "माझी मोठी पोरगी एका हंड्यासाठी इहिरीत उतरली. दोर सुटला. वर काढली तवा तिच्यात काय नव्हतं. आन हितं पाणी असं सोडून देतात. मला नाय बघवलं. एवढंच."

अब्बास हज्जाकडे वळला. बारा वर्षं ही बाई माझ्या घरात होती. मोठी चंद्रभागा सासरी तापानं गेली असं काहीतरी नंतर कधीतरी माझ्या कानावर आलं होतं. कधी, ते मी त्या क्षणी मोजलं. अठ्ठ्याण्णवचा मार्च. पल्लवीची बारावीची परीक्षा चालू होती, भागीबाई न सांगता नऊ दिवस आली नाही, आणि दहाव्या दिवशी आली तेव्हा मी तिला दारातच झापलं होतं. "घरी अडचण होती ताई," एवढंच बोलून ती भांड्यांना बसली होती. मी पुढे विचारलं नव्हतं.

अब्बासनं हज्जाला सगळं सांगितलं असावं, कारण ओरडणारा म्हाताराही थांबला. हज्जानं दुसरा प्रश्न विचारला. "आणखी मुली आहेत का, म्हणते."

"एक हाय. आशा. वैशाखात लगीन."

"कुठे दिली?"

भागीबाईनं पदरानं हात पुसले. मग मान खाली घालून म्हणाली, "तिथंच. त्याच घरात. चंद्रीच्या धाकट्या दिराला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ओळखीच्या घरातला मुलगा म्हणजे हे? इतके दिवस पाण्याबद्दल बोलत होती ती ही विहीर? अब्बासनंही ते लगेच सांगितलं नाही. हज्जानं त्याची बाही ओढली तेव्हा सांगितलं. ती भागीबाईकडे बघत राहिली, आणि अगदी थोडं काहीतरी बोलली.

"काय म्हणली?"

"जाऊ द्या मावशी."

"सांग."

"म्हणते, माझी भिंत आठ दिवसांत उभी राहील."

पोलीस आले नाहीत. तिथे रीत अशी की ज्यानं पाडली त्यानं माती कालवायची. भागीबाईनं बांध हातानं उपसून काढला आणि रोज सकाळी बाळाची आंघोळ उरकून मिठाची माती तुडवायला जाऊ लागली. पायांना भेगा पडून मीठ झोंबायचं. मी खोबरेल तेल लावून द्यायचे.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, बुधाला फोन लावून द्या." पेठ रोडच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं बुधाला बोलावून आणलं. त्याचा आवाज एवढा मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"आशाला तिथं नाय द्यायाची," भागीबाई म्हणाली.

"डोकं फिरलं का तुझं? ऊन लागलं का?"

"नाय द्यायाची. एक दिली तेवढी बास."

"चार मानसांत सबूद दिला म्या! त्ये काय म्हनतील? आपल्याला वाळीत टाकतील."

"सबूद तू दिला ना? मंग तूच जा नांदायला."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

जानेवारीअखेर आम्ही नाशकात परतलो. आशा आमच्या घरी येऊन बसली होती. आईला बघून ती पाया पडली नाही, की तिनं पिशवी हातात घेतली नाही.

"लगीन मोडलं म्हणं माझं. मला इचारलं का?"

"नाय इचारलं," भागीबाई म्हणाली. "चंद्रीलाबी नव्हतं इचारलं."

"मंग आता इचार."

भागीबाई आमच्या पायरीवर टेकली. तिनं खरंच विचारलं. आशा रडत रडत म्हणाली, "पोरगा पायजे. ती इहीर नको."

"मंग सांग त्याला, नाशकाला ये. घरजावई हो. खोली हाय, नळ हाय."

आशानं निरोप धाडला. मार्चपर्यंत वाट बघितली. तो आला नाही. बुधानं बायकोशी बोलणं सोडलं होतं, जमातीनं त्यांना जेवणावळीला बोलावणं बंद केलं होतं. आणि वैशाखात, त्याच तिथीला, त्याच मांडवात त्या मुलाचं लग्न झालं. मुलगी सुरगाण्याकडची. चिमणाबाई नाव. त्याआधी भागीबाई तिच्या आईला विहिरीचं सांगायला गेली होती, आठ तासांची वाट तुडवून. त्या बाईनं तिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. "तुमचं जमलं नाय म्हून आमचं मोडाया आली का?"

आशानं पुढे दोन वर्षांनी विंचूरला कांद्याच्या खळ्यावर काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. बुधा आता भागीबाईशी बोलतो. ती अजून आमच्याकडे येते.

दर मार्चला मी तिला विचारते, चिमणाबाईचं काही कळलं का. ती हातातलं काम थांबवत नाही.

"हाय," ती म्हणते. "औंदा तरी हाय."