आजीबरोबर फोटो काढा

मी शिकवायचे त्या पाचवीच्या वर्गाचा फोटो काढायचा होता, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढचा दात पडलेली एक मुलगी ओठ घट्ट मिटून उभी होती. कॅमेऱ्यामागून डोकं वर काढून तो म्हणाला, "अगं, माझाही पडलाय, बघ!" आणि खरंच दाढेशेजारची खिंड दाखवली. सगळा वर्ग खो खो हसला, तेवढ्यात त्याने कळ दाबली. "हनुवटी खाली" हे त्याचं पालुपद. मुलांनी त्याचं नावच हनुवटी पाडलं आणि पुढे गावभर तेच झालं.

मी निवृत्त झाले, तोवर त्याच्या स्टुडिओत माणूस फिरकेनासा झाला होता. मागचा निळा पडदा, बसायचं स्टूल, आरशाशेजारी दोरीने बांधलेला कंगवा, सगळं जागच्या जागी होतं. गाळा थोरल्या भावाचा. एक दिवस भाऊ दारातूनच म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक दिसलं तर चालू ठेव. नाहीतर मोबाईलवाला कधीचा मागे लागलाय."

"दादा, मला दुसरं काही येत नाही रे."

"म्हणून तर मुदत दिली."

मग त्याच्या लेकीने स्पर्धा काढली. फेसबुकवर, इन्स्टावर मोठ्या अक्षरांत झळकलं: 'आजीबरोबर फोटो काढा आणि जिंका!' बक्षीस म्हणजे सगळ्या कुटुंबाचा स्टुडिओत काढलेला मोठा फोटो, फ्रेमसकट.

त्यानंतर हनुवटीला कशाचं भान उरलं नाही. दवाखान्याच्या रांगेत, बसथांब्यावर तो अनोळखी माणसांपुढे फोन धरी. "तेवढं लाईक करा ना. पुढे पाठवा ना." एकदा तर कुणाच्या तरी निधनाच्या बातमीखाली त्याने स्पर्धेची जाहिरात चिकटवली. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, तिथे आजीच गेलीय हो!" तो पांढराफटक पडला. त्या घरी जाऊन हात जोडून आला, आणि परतताना त्यांच्या शेजाऱ्याला लाईक करायला सांगून आला.

मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली. बघता बघता ती कुठल्या कुठे गेली. लेकीचा फोन सारखा वाजू लागला. हनुवटीने पडदा धुतला, दिवे पुसले, आजींसाठी पाठ टेकायची खुर्ची आणून ठेवली आणि दाराकडे बघत बसला.

कुणीच आलं नाही. फोटो मात्र आले, शेकड्यांनी. अंगणातल्या आज्या, पलंगावरच्या आज्या, फोन हातभर लांब धरून नातवाने टिपलेल्या अर्ध्या कपाळाच्या आज्या.

"बाबा, स्टुडिओत या, असं लिहायला हवं होतं," लेक हळूच म्हणाली.

"त्यात काय लिहायचं?" तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा. फोटो काढा म्हणजे काय? माझ्याकडे या, असंच ना?"

त्याच्या उभ्या आयुष्यात त्या शब्दांना दुसरा अर्थ नव्हता.

"सगळं ओमफस झालं," तो म्हणाला. तरी निकाल त्याने मन लावून लावला. एका नर्सच्या फोटोला पहिला नंबर दिला. "आजीच्या गालावर खिडकीचा उजेड बघा. पोरीला कळतंय." बक्षिसाच्या फोटोला ते घर येईल, निदान तेवढं तरी दादाला दिसेल, ही शेवटची आशा.

नर्सचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "काका, आजीला जिना झेपत नाही. आणि फोटो आहेच की आमच्याकडे. नुसती फ्रेम दिलीत तरी चालेल."

"मी घरी येतो, कॅमेरा घेऊन. दहा मिनिटांचं काम."

"कशाला त्रास घेता, काका?"

रिकामी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून तो स्वतः देऊन आला. त्याला दारातच सरबत मिळालं.

महिना संपला. मोबाईलवाला माप घ्यायला आला आणि भिंतीकडे बोट दाखवून सहज म्हणाला, "काका, ते फोटो काढा." हनुवटीचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. मग समजलं. त्याने स्टूल ओढलं आणि भिंतीवरची नवराबायकोची जोडपी, बाळं, आमची पाचवी, एकेक करून उतरवली.

सध्या तो त्याच गाळ्यात मोबाईलवाल्याकडे कामाला आहे. फोनवर काचा चिकटवतो.