जाळीतलं जपानी झाड

आमच्या गच्चीवर एक पिंजरा होता. लोखंडी सांगाडा, त्यावर पांढरी बारीक जाळी आणि एकामागे एक अशी दोन दारं. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे आपल्याबरोबर एखादी माशी आत शिरणार नाही. आत विटांच्या ओट्यावर एक कुंडी आणि कुंडीत हातभर उंचीचं झाड. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या गल्लीला त्या पिंजऱ्याची भारी गंमत वाटायची. शेजारचे भैया रस्त्यावरून ओरडून विचारायचे, "क्यों साहब, मच्छरदानी में आज कौन सो रहा है?" हे वरून तितक्याच मोठ्यानं सांगायचे, "जापान के मेहमान हैं, धीरे बोलिए."

यांना बोन्सायचा नाद लग्नाआधीपासूनचा. वड, चिंच, बोगनवेल अशी आपल्याकडची झाडं यांनी वर्षानुवर्षं तारेनं वळवून लहान ठेवली होती. पण मनात होता तो जपानी जुनिपर. त्याचं खोड पिळलेल्या कपड्यासारखं, अर्धं पांढरं वाळलेलं आणि अर्धं जिवंत. एका मासिकात त्याचं चित्र होतं. ते पान यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. शर्ट काढताना रोज दिसावं म्हणून.

कोलकात्याच्या एका व्यापाऱ्यानं यांना सरळ सांगितलं होतं, की कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका. लोक मुळं धुऊन, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बॅगेत कपड्यांच्या खाली घालून झाडं आणतात. हे नाही म्हणाले. मी म्हटलं, "एवढा जीव आहे त्या झाडात तुमचा, तर घ्या ना." हे म्हणाले, "चोरून आणलेल्या झाडाकडे रोज सकाळी बघायचं कसं?" झाडाबरोबर एखादी कीड आली, तर ती आपल्या गच्चीपुरती राहत नाही, हेही त्यांनी मला समजावलं होतं. मग परवान्याच्या मागे लागले.

राज्य नवं होतं, भोपाळपासून नुकतंच वेगळं झालेलं. यांचं मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. कुठल्या खोलीत कोणतं खातं, हे शिपायांनाही पाठ नव्हतं. झाडाची तपासणी इथं कोणी करायची, हा प्रश्न विचारला की भोपाळवाले म्हणत, आता ते रायपूरचं काम. रायपूरवाले म्हणत, अजून तसं पत्र आलेलं नाही. त्या फेऱ्यांत यांच्या चपलांचे जोड झिजले. शेवटी कृषी विद्यापीठातल्या एका सरांकडे ते काम आलं. त्यांनी गच्ची पाहिली, जाळी कशी हवी ते सांगितलं आणि पिंजरा उभा राहिला.

परदेशातली माती या देशात येऊ देत नाहीत. त्यामुळे झाड आलं ते उघड्या मुळांनी, ओल्या शेवाळात गुंडाळलेलं. कोलकात्याला तपासणी झाल्यावर हे स्वतः जाऊन ते घेऊन आले. येताना गाडीत रात्रभर मांडीवरून उतरवलं नाही म्हणे. कुंडीत घालायचा मुरूम आणि विटांचा चुरा आम्ही दोघांनी गच्चीवर चूल मांडून कढईत भाजला, म्हणजे त्यात इथलं कुठलं बी, कुठली अळी उरणार नाही. सरांनी बजावलं होतं, वर्षभर झाड जाळीबाहेर न्यायचं नाही, बाहेरच्या माणसानं आत जायचं नाही. अनोळखी कीड, रोग किंवा तण दिसलं, तर झाड मातीसकट जाळावं लागेल.

वर्ष संपत आलं होतं. शेवटच्या तपासणीची तारीख ठरली होती. त्याआधीच हे गेले. ऑफिसातून आले, बूट काढायला बसले, ते उठलेच नाहीत.

त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. झाडापुरतं लिहिते. मी दिरांना सांगितलं होतं, की एक दिवसाआड अर्धा मग पाणी घाला, जास्त नको, याची मुळं ओलीत कुजतात. ते नेमानं घालत होते. मी मात्र खोलीतून बाहेर पडत नव्हते. बायका येत, माझ्याजवळ बसत, जात. वर झाड आहे हे मला सारखं आठवायचं. यांचं एवढं एकच काम अर्धं राहिलं होतं, आणि ते आता माझ्या हातात होतं.

यांना ज्यांनी वाढवलं, त्या आत्या गोंदियाहून आल्या होत्या. यांची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्याच आई. तेराव्यानंतर सगळे गेले, आत्या राहिल्या. "तुले एकटं टाकून मी कशी जाऊ?" म्हणाल्या.

तपासणीला सर आले तेव्हा उन्हाळा चढला होता. आत आम्ही दोघंच गेलो. झाड हिरवंगार दिसत होतं आणि मला जरा हायसं वाटलं. सरांनी भिंग काढलं. पानं पाहिली, फांद्यांच्या बेचक्या पाहिल्या. मग कुंडीवर वाकले आणि तसेच राहिले.

"ये क्या उग रहा है?"

खोडाच्या बुडाशी दोन-दोन पानांची कोवळी रोपं वर आली होती, कितीतरी.

"मुझे नहीं मालूम, सर."

"मिट्टी तो आप लोगों ने भूनकर डाली थी. मैंने खुद देखी थी. जाली के अंदर हवा से बीज आएगा नहीं." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "तो फिर ये जड़ों के साथ बाहर से आया है."

त्यापुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला एकदम यांचा चेहरा दिसला, गाडीतून उतरतानाचा, शेवाळाचं गाठोडं छातीशी धरलेला. मी जाळीला धरून उभी राहिले. बाहेरच्या दाराशी आत्या येऊन थांबल्या होत्या.

"काय झालं? काहून अशी पांढरी पडली तू?"

"आत्या, कुंडीत काहीतरी उगवलंय. परदेशी तण आहे. सर म्हणतात, झाड जाळावं लागेल."

"तण?" आत्यांनी जाळीला नाक लावून आत पाहिलं. "अवं, ते तीळ असतील. मीच तर टाकले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्यांकडे.

"तुम्ही आत गेला होता?"

"मग? दहा दिवस गेली. तुम्ही लोक गेलेल्याच्या नावानं पिंपळाले पाणी द्याले तलावावर फक्त माणसं पाठवता. बायांनी जायचं नाही. आन् माह्या पोराचा जीव काय त्या पिंपळात होता? त्यानं जन्मात पाहिला नाही तो पिंपळ. त्याचा जीव इथं होता. मंग मी इथंच दिलं, तीळ घालून. चाबी सैपाकघराच्या दाराआड तर टांगलेली होती."

सरांनी एक रोप उपटलं, बोटांत चुरडलं, वास घेतला. "तिल्ली है," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग माझ्या मोकळ्या कपाळाकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी हसू आवरलं. त्यांनी बोट मुरमात खोल घातलं, बाहेर काढून तेही हुंगलं. या वेळी हसले नाहीत.

"माताजी, रोज पानी दिया?"

"हव, रोज. लोटाभर. तहानलेला गेला हो माहा पोरगा, ऑफिसातून आल्यावर पाणीसुद्धा नव्हतं प्याला."

सरांनी सगळी रोपं उपटून कागदात गुंडाळून घेतली. कीड नाही, रोग नाही, बाहेरचं तण नाही, असं लिहून सही केली. जुनिपर आता मोकळा होता. पिंजऱ्याची दोन्ही दारं एकदम उघडी ठेवता येणार होती. खाली उतरताना मी विचारलं, "सर, पेड़ ज़िंदा तो है ना?"

"हरा है, मैडम."

"हरा तो ये मरने के बाद भी रहता है." हे यांनीच मला सांगितलं होतं. जुनिपरची तोडलेली फांदीसुद्धा कितीतरी दिवस हिरवी दिसते. मुळं गेली तरी पानांना उशिरा कळतं.

सर पायरीवर थांबले. "वो मेरी जाँच में नहीं आता," म्हणाले, आणि मग जरा हळू, "नई कोपल का इंतज़ार कीजिए. पानी बिल्कुल मत दीजिए अभी."

आत्यांनी ते ऐकलं. गोंदियाला परत जाईपर्यंत त्या पुन्हा गच्चीवर आल्या नाहीत.

मग मी वाट पाहत राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर जाण्याआधी वर जायची, फांद्यांची टोकं एकेक करून पाहायची. नवी पालवी फिकट, पोपटी असते. ऊन तिरपं असलं की सगळीच टोकं पोपटी दिसायची आणि मला भरून यायचं. ऊन सरळ झालं की पुन्हा तोच जुना, गडद हिरवा. नखानं साल जराशी खरवडली असती तर लगेच कळलं असतं. आत ओलसर हिरवं असेल तर जिवंत, कोरडं तपकिरी असेल तर संपलं. कितीतरी सकाळी माझं नख फांदीपर्यंत गेलं आणि परत आलं. ग्रंथालयात वाचकाला पुस्तक काढून देताना मध्येच वाटायचं, आत्ता वर काहीतरी होतंय आणि मी इथं आहे. आपण नेमकं कशाला घाबरतोय, हे मी स्वतःला विचारलं नाही. झाड हिरवं होतं आणि मला ते तसं हवं होतं.

पुढे रंग उतरला. आधी चमक गेली, मग हिरव्यात राखाडी मिसळला. एका रविवारी मी साल खरवडली. एका फांदीची, मग दुसरीची, मग खोडाची, अगदी बुडाशी. सगळीकडे कोरडं.

त्याच दिवशी दुपारी आत्यांचा फोन आला. दर रविवारी यायचा. माझी तब्येत विचारली, दिरांच्या मुलीचं शिक्षण विचारलं. झाडाचं त्यांनी आजवर कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

"झाड कसं आहे त्याचं?"

"गेलं, आत्या."



"माह्या पाण्यानं?"

"नाही हो. यंदा ऊन फार होतं. थंड मुलखातलं झाड, रायपूरच्या उन्हात कुठे टिकतंय."

"खरं सांगून राहिली ना?"

"खरंच."

"हं." मग त्यांनी विचारलं, "पोराले तर पोचलं असंन ना पाणी?"

"पोचलं, आत्या," मी म्हटलं.