कूलरच्या पट्टीतली वंदना

अख्ख्या नागपुरात माझ्या धाकट्या दिराइतका चुळबुळा माणूस नाही; एखादा सापडलाच, तर तो त्यांच्या शेजारी राहत असणार. भाऊजी जेवतात उभ्याने, चहा पितात फिरत फिरत, आणि झोपेतसुद्धा त्यांचा अंगठा ताल धरून असतो, असं त्यांची बायको, माझी जाऊ, सांगायची. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये त्यांनी जन्म घालवला. मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो म्हणे, आणि तो आवाज ओळखायची यांची नोकरी. नोकरी संपली, कान काही रिटायर झाले नाहीत. आमच्या कुकरची शिट्टी जरा खाली उतरली की रिंग बदला म्हणून मागे लागतात. भाजीवाल्याला गल्लीत थांबवून विचारतात, "एवढ्या घाईत काहून ओरडून राहिला गा? मेथी पळून चालली का?" एका घरी आम्ही दुःखाला बसायला गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले, तर हे स्टुलावर चढून पंखा उघडायला लागले. मी म्हटलं, "भाऊजी, उतरा. माणूस गेला इथं." तर वरूनच म्हणतात, "गेला त्याले आता काय, वहिनी? उरले त्यांले तर नीट रडू द्या. पंखा किरकिर करून राहिला." पंखा नीट झाला. त्या घरची बाई अजून त्यांचं नाव काढते.

आमच्या विहारात रोज सकाळी भोंग्यावर वंदना लागते. यंदापर्यंत ती असायची वस्तीतल्याच पंधरा बायांनी म्हटलेली, भाऊजींनी बसवलेली, कॅसेटवरची. मी चौथीपर्यंत शिकलेली, पालीचा अर्थ मला त्यांनीच समजावला, पण आवाज दांडगा म्हणून उभं केलं सगळ्यात मागे. जाऊ पहिल्या रांगेत. आणि तीच नेहमी मागे राहायची. त्रिशरणाचं शेवटचं 'गच्छामि' सगळ्यांचं संपायचं, तिचं आपलं चालूच. भाऊजी चारचौघींत ओरडायचे, "थांब नं वं! साऱ्याजणी घरी पोचल्या, तू अजून रस्त्यातच!" ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची. कॅसेटमध्येही तिची ती शेपटी तशीच राहिली. जाऊ जाऊन आता चार वर्षं झाली.

यंदा ती कॅसेट इतकी ओढली गेली, की पंधराच्या पंधरा बायांना एकदम सर्दी झाल्यासारखं वाटायला लागलं. विहारातले लोक म्हणाले, मोबाइलवर तयार वंदना मिळते, बुद्धपौर्णिमेपासून तीच लावू. भाऊजींनी दोन दिवस गल्ली तुडवली आणि जाहीर केलं, "नवी देतो. तीच लय, तीच पट्टी, तोच भाव." मोबाइलवरची काय वाईट आहे, असं मी विचारलं. म्हणाले, "वाईट नाही. पण त्यात आपलं कोण आहे?"

पंधरातल्या नऊ उरल्या होत्या. त्यांना जमवलं. नागपूरचा उन्हाळा, म्हणून विहारातला कूलर लावून आम्ही तीन आठवडे घोकलं. भाऊजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे, त्यांच्या पावलांवर आमची लय. "झाडू मारून राहिल्या का? हळू. आणि रडू बी नका. वंदना आहे, तक्रार नाही."

रेकॉर्डिंगवाला माइक घेऊन आला आणि पहिलंच म्हणाला, कूलर बंद करा. बंद केला, तर कोणालाच सूर सापडेना. एक आभाळात, एक विहिरीत. तीन आठवडे आम्ही कूलरच्या घरघरीवर सूर लावत होतो, आणि जन्मभर मशीन ऐकलेल्या माणसाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं! भाऊजी डोक्याला हात लावून खाली बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. मग उठले आणि स्वतःच कूलरसारखं "हुंऽऽऽ" करायला लागले. आम्ही पोटभर हसून घेतलं, पदराने घाम पुसला आणि त्या हुंवर सूर धरला.

वंदना चांगली झाली. भाऊजी म्हणाले, "पुन्हा." दुसऱ्यांदा त्याहून चांगली झाली. "पुन्हा."

रेकॉर्डिंगवाला वैतागला. "काका, लय बरोबर, पट्टी बरोबर. आता का राहिलं?"

"सारं बरोबर आहे," भाऊजी म्हणाले, "पण ते नाही." दार ते खिडकी, खिडकी ते दार.

"काहून नाही, ते तरी सांगा," मी म्हटलं.

"मलेच समजून नाही राहिलं, वहिनी."

मला समजलं होतं. पुन्हा सुरू केलं, त्रिशरण संपलं, सगळ्या श्वास घ्यायला थांबल्या, आणि मी शेवटचं 'गच्छामि' धरून ठेवलं, जाऊ ठेवायची तेवढं. शेजारणीने कोपराने ढोसलं. आता ओरडा बसणार, म्हणून मी सरळ त्यांच्याकडेच पाहिलं. भाऊजी खिडकीपाशी थांबले होते. पुढचं सगळं होईपर्यंत हलले नाहीत.

"हेच ठेव गा," ते रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले.

आता रोज सकाळी तीच लागते. भाऊजी तेव्हा गल्लीत फेऱ्या मारत असतात. माझ्या घरासमोर असोत की पार नळापाशी, वंदनेतली ती जागा आली की पाय थांबतात. जाऊचा आवाज बारीक होता, माझा जाडाभरडा, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणजे फसलेले नाहीत ते. तरी तेवढा वेळ उभे राहतात. पंचशील सुरू झालं की पुन्हा चालू लागतात.