पार्वतीच्या खिशातला फ्यूज

आयटीआयच्या खिडकीवर पार्वती पहिल्यांदा गेली, तेव्हा आतल्या बाबूनं मान वर न करताच विचारलं, "बेटे का फॉर्म है या बेटी का?"

"मेरा है," पार्वती म्हणाली.

मग मात्र बाबूनं मान वर केली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. समोर त्रेचाळीस वर्षांची बाई उभी होती. हातात दहावीचं सर्टिफिकेट, तेही माजलगावच्या शाळेचं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. ट्रेडच्या रकान्यात तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : इलेक्ट्रिशियन. बाबूनं शिवणकामाचाही वर्ग असल्याचं हळूच सुचवून पाहिलं. पार्वतीनं ऐकून घेतलं आणि फॉर्म तसाच पुढे सरकवला.

या वयात दप्तर उचलायची तिला हौस नव्हती. तिचा नवरा दामू दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत बावीस वर्षं वायरमन होता. कामाबरोबर पंपघरामागची एक खोली मिळाली होती. त्याच खोलीत त्यांचा संसार झाला, लेक अबोली तिथंच वाढली आणि लग्न होऊन नाशिकला गेली. पुढे दामूच्या हातांना कंप सुटला. आधी बशीवर कप वाजायला लागला, मग स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसेना. औषधानं कंप कमी झाला, पण गेला नाही. वायरमनचे हात थरथरायला लागले की माणूस कितीही जाणता असो, त्याला शिडीवर कोण चढू देणार?

सोसायटीच्या सेक्रेटरी शालिनीताई मूळच्या पुण्याच्या. बाईचा जीव चांगला, पण कमिटीपुढे कुणाचं काय चालतं! त्या स्वतः खोलीवर आल्या.

"बघा पार्वतीताई, मी मीटिंगमध्ये खूप फाइट केली. दोन वर्षं बाहेरून माणूस बोलवून मॅनेज करू. पण त्यानंतर सर्टिफिकेटवालाच ठेवावा लागेल. आणि मग ही खोलीपण त्यालाच द्यावी लागेल हो."

दामू भिंतीकडे बघत बसला. पार्वतीनं चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "सर्टिफिकेटवाला म्हणजे बाप्याच लागतो का?"

"अच्छा?" शालिनीताई थबकल्या. "नाही... तसं कुठं लिहिलेलं नाही."

एवढ्यावरून ती आयटीआयच्या खिडकीवर गेली होती. दोन वर्षांत पास झाली तर काम आणि खोली दोन्ही राहणार, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. कुठं न्यायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

वर्गातली पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती तिला पाहून उठून उभी राहायची. दुसऱ्या आठवड्यात 'आंटी' म्हणायला लागली आणि तिसऱ्या आठवड्यापासून तिच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर तुटून पडायला लागली. पुस्तकातले नियम मात्र पार्वतीच्या पचनी पडत नव्हते. व्होल्ट, ॲम्पिअर आणि ओहम यांनी तिच्या नाकी नऊ आणले. पण हातात वायर आली की तिचं चित्त थाऱ्यावर यायचं, कारण दुपारी घरी तिची दुसरी शाळा भरायची.

त्या शाळेचा मास्तर दामू. तो खाटेवर बसून सांगायचा आणि पार्वती लाकडी बोर्डावर वायरिंग करायची.

"पारू, साल काढताना तांब्याला चीर नको पडायला. हां. आता पीळ दे. अगं पीळ म्हणतोय, वेणी नाही."

"तुमचं काय जातंय, बसा उंटावरून शेळ्या हाकत!"

यावर दामू हसायचा. एरवी हात थरथरायला लागल्यापासून तो हसायचं थांबला होता. खरं सांगायचं तर निम्म्या चुका पार्वती मुद्दाम करायची. त्यानं तिला रागवावं आणि मग हसावं, यासाठी तिनं चार वेण्या जास्तीच्या घातल्या असत्या.

एका बाबतीत मात्र त्याला थट्टा खपत नसे. कामाला हात लावण्याआधी बोर्डावरचा पांढऱ्या चिनीमातीचा फ्यूज उपसून काढायचा आणि कनवटीला खोचायचा. टेबलावर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही, कुणाच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. ज्याचा हात वायरीत, त्याच्याच अंगावर फ्यूज. एकदा तिनं तो डब्याच्या झाकणावर ठेवला, तर दामू असा ओरडला की बाहेरचा माळी धावत आला. पार्वतीच्या डोळ्यांत पाणी आलं. दामूनं माफी वगैरे मागितली नाही. तासाभरानं त्यानं स्वतः चहा करून आणला, अर्धा बशीत सांडलेला. ती तो बशीतल्यासकट प्यायली.

आयटीआयत ती सलवार-कुर्ता घाली. त्याला कनवट कुठली? म्हणून तिनं कुर्त्याला आतून डावीकडे जाडसर खिसा शिवला. आणि याच खिशानं तिची वर्गात फजिती केली. एकदा सवयीनं ती आयटीआयचाच फ्यूज खिशात घालून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचचा बोर्ड मेलेला, शिकवणारे दहिया सर तासभर दोष शोधताहेत, वायरिंग तर सगळं ठीक! पार्वतीनं खिशातून फ्यूज काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला तेव्हा अख्खा वर्ग बाकं बडवत हसला.

"आंटीजी, कल को पंखा भी ले जाओगी के?" दहिया सर म्हणाले. पण त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, की हसणं पुरे झालं, आता आंटीजी करतात तसं करायला शिका. पोरांनी दोन दिवस केलं आणि सोडून दिलं.

बघता बघता दोन वर्षं सरली आणि प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक बाहेरून आलेले, तीसेक मुलं तपासायची, आणि त्यांना दुपारी आणखी कुठं तरी पोचायचं होतं. पार्वतीच्या वाट्याला जिन्याचं वायरिंग आलं : एक दिवा, दोन बटणं, खालून लावावा आणि वरून विझवावा. दामूनं हेच तिच्याकडून पन्नास वेळा करून घेतलं होतं. तिनं फ्यूज काढला, खिशात घातला आणि कामाला लागली.

वेळ संपायला पाच मिनिटं होती. सगळं झालं होतं, फक्त होल्डरातला एक स्क्रू तिला सैल वाटला. तो आवळायला तिनं होल्डर पुन्हा उघडला, बोटांनी उघडी तार धरली आणि ती वाकून बघत होती. तेवढ्यात मागून परीक्षक आले. त्यांना तयार बोर्ड दिसला. बोटं दिसली नाहीत. त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खटकन ओढून चालू केला आणि बोर्डाचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"ये तो डेड है," ते म्हणाले आणि कागदावर पेन टेकवलं. "नहीं चला आपका."

पार्वतीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षं, पंपघरामागची खोली, वाट बघत बसलेला दामू, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. घाबरल्यावर तिची हिंदी पळून गेली आणि मराठीच बाहेर आली.

"थांबा साहेब! फ्यूज माझ्याकडे आहे."

तिनं डाव्या हातानं खिशातून फ्यूज काढून दाखवला. उजव्या हाताची बोटं अजून तारेवरच होती. परीक्षकांनी फ्यूज पाहिला, मग बोटं पाहिली, मग आपण ओढलेला स्विच पाहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मेन बंद केला.

"आराम से कीजिए, बहनजी," ते म्हणाले. "जितना टाइम चाहिए, लीजिए."

तिनं स्क्रू आवळला, होल्डर बंद केला, फ्यूज बसवला. दिवा खालच्या बटणानं लागला आणि वरच्या बटणानं विझला. निकाल रीतसर पुढं लागायचा होता, पण निघताना दहिया सरांनी तिला फाटकाशी गाठलं आणि म्हणाले, "आंटीजी, मिठाई तैयार रखना." पार्वती मेट्रोत सगळी वाट एकटीच हसत होती. शेजारची बाई जरा सरकून बसली.

दामू सोसायटीच्या फाटकापाशीच उभा होता. खोलीकडे जाताजाता तिनं सगळं रंगवून सांगितलं, परीक्षकांचा घाम, आपली पळालेली हिंदी, सगळं. तिला वाटलं, आता हा पोट धरून हसेल. पण दामू पंपघराच्या पायरीवर बसला.

"त्यानं स्विच टाकला तेव्हा तुझा हात आत होता?"

"होता की. म्हणून तर सांगतेय. अहो, काय झालं?"

 मग तो जे बोलला ते तिनं पंचवीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. लग्नाआधी तो पानिपतला एका ब्लँकेटच्या कारखान्यात काम करायचा. साताऱ्याकडच्या विष्णूनं त्याला तिथं नेलं होतं आणि हातात पक्कड धरायला शिकवलं होतं. एके दिवशी विष्णू शिडीवर चढून तारा जोडत होता. खाली टेबलावर फ्यूज पडलेला. दामूला वाटलं, विष्णूदा बसवायला विसरला. आपण मदत करावी म्हणून त्यानं तो बसवला. विष्णू जगला, पण उजवा हात कायमचा गेला. कारखान्यातल्याच कुणीतरी बसवला असेल, असं सगळे म्हणाले. दामू गप्प राहिला, तो आजतागायत.

"पानिपतात आपले किती गेले ते सगळे सांगतात," तो म्हणाला. "मी एकाचा हात घालवला, ते मी कुणाला सांगितलं नाही."

पार्वती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. तिला त्याचा राग आला नाही. एवढं ओझं घेऊन हा माणूस आपल्यासमोर जेवला, झोपला, हसला, आणि आपल्याला पत्ताच नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

"आहेत का ते विष्णूदा अजून?"

"आहे. गावी असतो. दिवाळीला फोन करतो. दर वर्षी तोच करतो."

"मग आज तुम्ही करा."

दामूची बोटं इतकी थरथरत होती की नंबर लागेना. पार्वतीनं तो लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"विष्णूदा, दामू बोलतोय. तो फ्यूज मी बसवला होता. पानिपतला. मीच." आता त्याला थांबता येईना. "आणि आज आमच्या पार्वतीचा हात असाच तारेवर होता, आणि एकानं न बघता मेन टाकला..."

"थांब थांब," पलीकडून म्हातारा आवाज घाईघाईनं म्हणाला. "आधी हे सांग, तिचा हात कसाय?"

 दामू लहान पोरासारखा रडत होता. पार्वतीनं फोन आपल्याकडे घेतला.

"चांगला आहे, दादा," ती म्हणाली. "अगदी चांगला आहे."