पाटाला उरलेली तीन मिनिटं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भोकरदनकडच्या आमच्या गावात आम्ही पंधरा बायका गट करून आपापल्या घरी वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायचो. हाताला तेल चोळलं तरी आग व्हायची आणि ठसका घरभर पसरायचा. शेजारच्या काकूंच्या नातीला दमा होता. उन्हाळ्याचा माल यायच्या आत बाजाराच्या आवारातली रिकामी शेड मिळाली नाही, तर गट सोडते, असं काकूंनी सांगून टाकलं होतं. त्या एकट्या तिघींचं काम करायच्या.

हाताच्या आगीवर उपाय मी काढला होता. पोळपाटाएवढी फळी, तिच्या कडेला पत्र्याची पट्टी, पट्टीत निमुळती खाच. देठ खाचेत अडकवायचा आणि मिरची ओढायची. सुताराने असे तीन पाट करून दिले.

मग निरोप आला की जालन्याच्या जिल्हा ऑफिसातून साहेब येणार, प्रत्येक गटाला दहा मिनिटं देणार आणि शेडची शिफारस तेच करणार. मी आठ ड्रॉइंग पेपर आणले. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी सुंदर अक्षर काढून दिलं. पहिल्यावर सरस्वती, दुसऱ्यावर गटाची स्थापना, तिसऱ्यावर मिरचीचं महत्त्व. पाट सातव्यावर होता, आठव्यावर आभार.

तालीम ऐकून काकू म्हणाल्या, "ताई, समदं बराबर हाय. पण पाट कवा येतो?"

"सातव्या कागदावर."

"तवर साहेब बसंल का?"

"ऑफिसर आहेत. बसायची सवय असते त्यांना."

"आमच्या मेंढरायलाबी हाय. पण उठायचं तवा उठत्यात."

मी लक्ष दिलं नाही.

साहेब आले. आमच्याकडे सत्काराशिवाय कोणी तोंड उघडत नाही. साहेबांना शाल-नारळ झाला. त्यांच्या दोन मदतनिसांना झाला. सरपंचांना वगळता येत नव्हतं. ड्रायव्हर दारात उभा दिसला, म्हणून त्यालाही झाला. सरपंच दोन शब्द बोलले. ते दोन नव्हते. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"ताई, तीन मिनिटं आहेत. हसनाबादचा गट थांबलाय."

मी सरस्वती उलगडली. कागद गुंडाळून आणलेला होता, तो परत गुंडाळला गेला. मी पुन्हा उलगडला. तेवढ्यात काकू उठल्या. त्यांनी साहेबांपुढे पाट ठेवला आणि शेजारी मिरच्यांचं ताट.

"खुडा, साहेब."

"मी?"

"आधी हातानं. मूठभरच."

साहेबांनी खुडल्या. त्यांचा वेग बेताचा होता.

"आता ह्या खाचंत देठ घाला अन् वढा."

तेही त्यांनी केलं. मग ओळीने आठ-दहा केल्या. मदतनीस वाकून बघायला लागले.

"हे सोपं आहे," साहेब म्हणाले.

"आग आत्ता न्हाई कळायची. अर्ध्या घंट्यानं कळंल. डोळ्याला हात लावू नका," काकू म्हणाल्या. "आमी दिवसभर खुडतो, त्याच घरात लेकरं असत्यात."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

मी हातातल्या गुंडाळ्यांकडे पाहिलं. आठ कागदांवर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. सरांनीही विचारलं नव्हतं.

"आवारातली शेड," मी म्हणाले. "होळीच्या आत."

त्यांनी लिहून घेतलं आणि हात रुमालाने पुसत गाडीत बसले.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. शेड मिळाली होती, पण एकाच उन्हाळ्यापुरती, वीज आणि झाडलोट आमच्याकडे. पुढच्या वर्षी परत मागावी लागणार होती.

पहिल्या दिवशी काकू सगळ्यांच्या आधी आल्या. नातीला घरी ठेवलं होतं. दारातली वाऱ्याची जागा त्यांनी कोणाला न विचारता धरली आणि पाट पुढे ओढून कामाला लागल्या.