इलेक्ट्रिक फील्डचा सातबारा

हातातलं काम ठिवा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, न्हाईतर माझं पोट फुटंल!

मी केंदूरची. दहावीपर्यंत मराठी मीडियम आन् अकरावीला एकदम शिरूरला सायन्स, सगळं इंग्लिशमधी. फिजिक्सला इलेक्ट्रिक फील्ड आलं. सर म्हणले, फील्ड म्हंजी क्षेत्र. आता आमच्या घरात क्षेत्र एकच, सातबाऱ्यावरचं! जागा किती, लांबी-रुंदी किती. मग काय, दोन चार्ज दिसले की मी आपली मधल्या जागेचं क्षेत्रफळ काढत बसायची. उत्तराफुडं चौरस मीटर! पेपर वाटताना सर म्हणले, "हिनं इलेक्ट्रिक फील्डचा सातबारा काढलाय बघा!" अख्खा वर्ग फिदीफिदी. मीबी हसले. पण घरी आप्पांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, मार्क बघितले आन् म्हणले, "फुडच्या टेस्टला नापास झालीस तर गुमान आर्ट्सला जायचं." फॉर्मबी आणून ठिवला. मला तर सायन्स सोडायचंच नव्हतं.

टेस्टच्या सकाळी मैत्रिणीसंगं जीप पकडायला निघाले. वाटंत एका वस्तीवर दांडगं कुत्रं बांधलेलं असतं. ते चक्क झोपलेलं, तरी आम्ही रस्त्याच्या पार पल्याडच्या कडंनं.

मैत्रीण म्हणली, "हळू चाल. त्याचा इलाका हाय."

मी जागीच उभी.

"अगं चल की, चावंल!"

"अगं, हेच फील्ड! इलाका! आपण असू-नसू, तो हायच. आपण आत शिरलो की मग फोर्स. जवळ गेलं की जास्त, लांब गेलं की कमी!"

"आन् तुझं क्षेत्रफळ?"

"गेलं खड्ड्यात!"

"जीपबी जाईल, पळ!"

पेपरात काय आलं असंल? दोन पॉझिटिव्ह चार्ज, एक दुसऱ्याच्या चौपट, मधी तीस सेंटिमीटर. फील्ड शून्य कुठं? मला लगीच दिसलं. एकीकडं दांडगं कुत्रं, दुसरीकडं पिल्लू. मधनं जायचं तर मी पिल्लाच्याच बाजूनं जाणार ना! मग फॉर्म्युला मांडला. चार्ज चौपट, म्हंजी अंतर दुप्पट. मोठ्यापासनं वीस, छोट्यापासनं दहा. जुळलं! फुडच्या गणितात फील्ड काढलं आन् उत्तराफुडं चौरस मीटर न्हाई, ठसक्यात फील्डचं खरं एकक लिवलं, न्यूटन पर कूलॉम.

आज पेपर मिळाले. सर म्हणले, "काय गं, आज सातबारा कुठं गेला?"

"सर, इलाका सापडला!"

पास! स्टँडवरनंच आप्पांना फोन लावला.

"मग ह्या आर्ट्सच्या फॉर्मचं काय करू?"

"चुलीत घाला, आप्पा!"

ते जे हसलेत ना! जीप अजून भरायचीय म्हणून बसल्या बसल्या टाइप करतेय. सांगा की, तुमचंबी झालंय का असं? एका शब्दापायी अख्खा धडा अडलेला, आन् सुटला तो भलत्याच ठिकाणी?