करंजी घाटातलं मिसिंग

बंद पडलेल्या गाडीचं काहीतरी करता येतं. ढकला, दोरी लावून ओढा, नाहीतर तिथेच सोडा आणि एस.टी. धरा. आमची गाडी बंद पडत नव्हती, हाच तिचा वांधा होता. ती मिसिंग करायची. म्हणजे चालता चालता मध्येच एखादा ठोका गाळायची, हिव भरल्यासारखी थरथरायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पुढे रेटायची नाही. आणि मेस्त्रीपुढे नेली की एकदम शहाण्या मुलीसारखी वागायची.

आम्ही तिसगावचे. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. आमची पाळी सकाळची पहिली. उशीर झाला तर मशीन पुढच्या पेशंटला लावतात आणि मग आपण बसायचं वाट बघत. पण अंगात साठलेलं पाणी वाट बघत नाही, ते छातीत चढतं. एकदा अशी पाळी चुकली होती. ते पाठीला उशा रचून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला घशातून खरखर येत होती. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता, एवढंच मला आयुष्याकडून हवं होतं.

पूर्वी गाडी ते चालवायचे आणि मी शेजारी बसून चुका काढायचे. आता गाडी माझ्याकडे आली, चुका काढायचं खातं त्यांच्याकडे गेलं.

"अगं, गिअर खाली घे. इंजिन रडतंय."

"रडू दे. घरात मी एकटीनेच किती रडायचं?"

मग ते हसायचे आणि हसण्याने त्यांना दम लागायचा, म्हणून मी दुसऱ्यांदा हसवायचे नाही.

घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. बाईने गाडी चालवणं त्यांना कधीच पटलं नाही. "सुनंच्या हातात गाडी, अन् गाडीत माझं लेकरू," असं शेजारणीला सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मला राग यायचा. पण त्यांचं एक दुःख मला दिसायचंही. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाचं पाणी मोजून दिलं होतं, दिवसाला जेमतेम अर्धा तांब्या. आणि या बाईचा सगळा जन्म पाणी देण्यात गेलेला. पाहुणा आला की तांब्या-भांडं, शेतातून बैल आले की आधी त्यांच्या पायांवर पाणी, मग वैरण. आता पोटच्या पोराने "आई, घोटभर दे गं" म्हटलं की त्या उठून अंगणात जायच्या.

गाडीने पहिल्यांदा मिसिंग केलं ते दिवाळीच्या आसपास. गावातल्या मेस्त्रीने प्लग काढून दाखवले, झिजून काळे पडले होते. त्याने तिन्ही प्लग नवे टाकले आणि वर मला सल्ला दिला, "वहिनी, घाट चढायच्या आधी रोज बोनेट उघडून पानी, ऑइल बघत जा. इंजिन तापलं तर लई पंचाईत हुईल." मी तेव्हापासून दर फेरीच्या पहाटे बोनेट उघडायला लागले. पाणी बघायचे, ऑइलची दांडी बघायचे, आणि बोनेट तसंच उघडं ठेवून यांना आणायला घरात जायचे. त्यांना स्वेटर घालायचा, पायांवर सूज म्हणून चप्पल हळूहळू सरकवायची, हाताला धरून आणायचं. यांना सीटवर बसवलं की बोनेट धाडकन लावायचं आणि निघायचं.

दोनेक आठवडे गाडी छान चालली. मग मिसिंग परत आलं, आणि पहिल्यापेक्षा वाईट आलं.

आणि तेही सरळ नाही. एखाद्या सोमवारी घाटाच्या मध्यावर असे झटके द्यायची की मागच्या उसाच्या ट्रॉलीवाल्याचा हॉर्न थांबायचा नाही. गुरुवारी काहीच नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. कशीबशी फरफटत घाट चढायची, नगरजवळच्या भिंगारपर्यंत जाता जाता सुधारायची आणि दुपारी परतताना तर बिलकुल तक्रार नाही. मी थंडीला दोष दिला, धुक्याला दिला. पेट्रोल पंप बदलून पाहिला. मेस्त्रीने फिल्टर बदलला, वायरी तपासल्या. नगरच्या एका मोठ्या गॅरेजात यंत्र जोडून पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि पेट्रोलच खराब असणार म्हणाले. शेवटी एका बुधवारी दुपारी मेस्त्रीला शेजारी बसवून मी घाट वर-खाली केला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मेस्त्री इंजिनाकडे बघायचं सोडून माझ्या डाव्या पायाकडे बघायला लागला.

"वहिनी, तुमी क्लच अर्धा दाबून तर चालवत न्हाई ना?"

म्हणजे गाडी चांगली, बाई वाईट! आत्यांचं मत आता गॅरेजातही पोचलं होतं. मी त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा हात जोडायला लागला. पण माणूस भला. गाडीतून उतरताना म्हणाला, "ही माझ्याम्होरं नाटक करती. जिथं दुखतं तिथंच हिला धरायला पायजे. आन् तिथं मी नसनार, तुमी असनार." मग त्याने मला शिकवलं. गाडी तीन सिलेंडरची, प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल, ती प्लगला ठिणगी देते. इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचा कपलर, म्हणजे वायरीचं टोक, काढायचा. चांगल्या सिलेंडरचा काढला तर इंजिन आणखी अडखळतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. दहा नंबरचा पाना त्याने माझ्याकडे देऊन ठेवला.

पुढच्या सोमवारी तो पाना लागला.

आदल्या दिवशी घरी पाहुणे होते आणि यांनी चोरून जास्त पाणी प्यायलं होतं. पहाटे उठले तेच धापा टाकत. निघालो, करंजी गाव मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि दुसऱ्याच वळणावर गाडीने पहिला झटका दिला. मी गिअर खाली घेतला. दुसरा झटका, तिसरा. मग झटके मोजण्यासारखे राहिलेच नाहीत, सगळी गाडीच लटपटायला लागली. काचेत धुकं, मागे ट्रॉलीचे दिवे. गाडी चालायच्या वेगाने सरकत होती आणि शेजारून तो आवाज सुरू झाला होता. खरखर.

"थांब," ते म्हणाले.

"थांबले तर परत चढणार नाही ही."

"अशीही चढत नाहीये."

मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. अंधारात बोनेटची कळ सापडेना. मोबाईलचा दिवा दातात धरला. इंजिन थडथडत होतं. पहिला कपलर काढला, इंजिन मरायला टेकलं. पटकन लावला. दुसरा काढला. काहीच झालं नाही. थडथड तशीच, ना कमी ना जास्त. परत लावला, परत काढला. काही नाही.

सापडलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, कारण आता पुढचं मलाच करायचं होतं आणि आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. इंजिन बंद केलं. पाना लावून कॉइलचा बोल्ट सोडवला आणि कॉइल वर ओढली. तिचं खालचं रबर ओलं होतं. प्लग बसतो त्या खोल भोकात मी दिवा धरला. आत पाणी होतं.

हे पाणी आलं कुठून? पाऊस नव्हता, गाडी धुतली नव्हती. दवाखान्यासाठी घेतलेल्या पांढऱ्या टॉवेलच्या टोकाला पीळ देऊन मी ते आत घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. टॉवेलवर पिवळा डाग होता, आणि त्या पिवळ्यात लाल.

हळद-कुंकू.

मी तिथे उभ्या उभ्या सगळं मनात बघितलं. उघडं बोनेट, अंधारातलं अंगण, मी घरात चप्पल सरकवतेय, आणि आत्या तांब्या घेऊन गाडीपाशी एकट्या. गाडीने पहिल्यांदा त्रास दिला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, हिला कुणाची तरी नजर लागलीय. नजर उतरवायला सगळे हळद-कुंकवाचं पाणी चाकांवर घालतात. आत्यांनी थेट तिच्या काळजावर घातलं. मुलाला द्यायचं नाही ते पाणी, त्याला घेऊन जाणाऱ्या इंजिनाला. ते भोकात उतरलं त्या पहाटे झटके, बाजूने ओघळलं त्या पहाटे काही नाही, आणि इंजिन तापलं की वाळून जायचं.

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे दिसेना. मी ते भोक पुसलं, पुन्हा पुसलं, रबर कोरडं केलं, कॉइल दाबून बसवली, कपलर खटकन लागल्याचं ऐकलं. किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात चालू झालं. दगड काढला आणि गाडी घाट चढून गेली.

त्यांनी माझ्या मांडीवरचा टॉवेल पाहिला होता. भिंगारच्या अलीकडे म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"सांगणार."

"म्हातारी मरून जाईल गं."

"आज तुम्ही गेला असता."

आम्हाला उशीर झालाच होता. सिस्टर रागावल्या, पण यांचा श्वास बघून मशीन दिलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. हाताला ऑइलचा वास येत होता, धुतला तरी जाईना.

घरी आल्यावर मी सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं, टॉवेल पुढे टाकून. मला त्याचा पस्तावा नाही. ते बोलायलाच हवं होतं. आत्या टॉवेलाकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत, वादही घातला नाही. फक्त विचारलं, "घाटात लई दम लागला हुता का त्याला?"

"हो."

"किती येळ हुता तसा?"

"मी दुरुस्त करेपर्यंत."

"तू केलंस व्हय?"

"मग कोण करणार?"

त्यांनी टॉवेल उचलला आणि मोरीत नेऊन घासायला बसल्या. डाग पूर्ण गेला नाही. त्या दिवसापासून तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मीही गेले नाही बोलायला.

गुरुवारी पहाटे मी बोनेट उघडलं, पाणी बघितलं आणि या वेळी लगेच लावून टाकलं. यांना आणून बसवलं. वळले तर आत्या दारात उभ्या, हातात तांब्या. मी बोनेटच्या आडवी उभी राहिले.

"आत्या, घालायचंच असेल तर चाकावर घाला."

त्या पायरी उतरल्या. चाकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्यापाशी आल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. आधी उजव्या, मग डाव्या. शेतातून आलेल्या बैलांच्या पायांवर घालायच्या तसंच. पाणी कोमट होतं, तापवून आणलं होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "नीट ने त्याला."

चप्पल भिजून चिकटत होती म्हणून काढून मागे टाकली आणि अनवाणीच गाडीत बसले. करंजीपर्यंत माझा ओला पाय क्लचवरून सटकत होता. टॉवेल मांडीवरच होता. मी पाय पुसला नाही.